खेळापुरती जागा

सरांच्या घरी खोली बघायला गेले तेव्हा आधी काकूंनी माझी चौकशी केली. गाव कुठलं, घरी कोण कोण, संध्याकाळी किती वाजता येणार, खोलीत स्टोव्ह लावणार का. सर पलीकडच्या खुर्चीत ताठ बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा नाही, हाताशी काठी नाही, त्यामुळे त्यांना दिसत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माणूस जरा शिष्ट आहे, समोरच्याकडे बघत नाही, एवढंच वाटलं. मी बसायला म्हणून एक खुर्ची ओढायला गेले तर ती जागची हलेना. दोन्ही हातांनी ओढली तरी नाही.

"ती फरशीला बोल्ट मारून बसवली आहे," सर म्हणाले. "या घरात वस्तू जागा सोडत नाहीत. तुम्ही तिच्याकडं जायचं, ती तुमच्याकडं येणार नाही."

खुर्ची होती तिथंच मी अवघडून बसले.

"कामाला कुठं?" त्यांनी विचारलं.

"अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. टॉवेलच्या कारखान्यात. ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं आहे."

"डॉस येतं?"

"येतं की."

"खोली यांना दे," ते काकूंना म्हणाले. मग उठले आणि हात पाठीमागं बांधून, दाराच्या चौकटीला कुठंही न लागता आत निघून गेले. काकू माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "त्यास्नी दिसत न्हाई. पण तसं म्हणायचं न्हाई."

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. चाळिशी ओलांडल्यावर काचबिंदूनं कडेकडेनं त्यांची नजर खात आणली. वर्षानुवर्षं ते समोरचं तेवढं बघत होते आणि दोन्ही बाजूंचं गेलेलं कुणाला कळू देत नव्हते. मग समोरचंही धुरकट झालं. त्यांनी नोकरी कशी सोडली हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कॉम्प्युटर सुरू होण्याची वाट बघता बघता, पाठ माझ्याकडे करून.

"फळ्यावर भिंगाची आकृती काढली. किरण दाखवले, नाभी दाखवली, पुसायचं राहिलं. बोलता बोलता त्याच जागेवर आरशाची काढली. मग तिसरी. फळ्यावर नुसता गुंता झाला असणार. वर्गभर पोरं बघत होती. एकानंही सांगितलं नाही. तास संपला तेव्हा सगळे उठून उभे राहिले, एरवी राहत नसत. एवढ्यावरून मला कळलं." थोडं थांबून ते म्हणाले, "पोरं चांगली होती. दया आली त्यांना. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला."

तेव्हापासून दया हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. कुणी भेटायला आलं आणि आवाज खाली आणून "काय हो सर, कसं झालं हे" असं म्हणालं, की सर म्हणत, "समोर काय आहे ते सांगा. तुम्हाला काय वाटतं ते नको." माणूस गोंधळून जायचा. सर पुन्हा विचारत, "रस्त्यानं आलात ना? काय काय होतं?" एखादा हुशार निघाला तर सांगायचा, की नळाला पाणी आलंय म्हणून कोपऱ्यावर घागरी लागल्यात, पलीकडच्या घराला नवा हिरवा रंग दिलाय. असा माणूस सरांना आवडायचा. त्याला चहा मिळायचा.

ते कुणाचा हात धरत नसत. फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत. घरातल्या सगळ्या वस्तू त्यांनी फरशीला आणि भिंतीला पक्क्या करून टाकल्या होत्या आणि त्यांच्यामधून ते वर्गात फिरावं तसे फिरत. मागच्या गल्लीत यंत्रमाग होते. दिवसभर त्यांचा खडखडाट चालायचा. आम्हाला तो एकच आवाज वाटायचा. सर जेवता जेवता मान वर करून म्हणत, "कडेचा बंद पडला." वर्तमानपत्र त्यांनी बंद केलं होतं. काकू वाचायच्या त्या कानडी. मराठीही अडखळत वाचायच्या. मी एकदा म्हटलं, मी वाचून दाखवते. "नको," ते म्हणाले. "रेडिओ सगळ्यांना सांगतो. तुम्ही मला एकट्याला सांगाल."

या नियमाला एकच अपवाद होता, तो म्हणजे साहेब.

सरांचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत होता. एका खेपेला त्यानं सरांसाठी एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि बरोबर एक राखाडी पेटी आणली, जेवणाच्या डब्याएवढी. एक छोटा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या मेमरीत सतत जागा धरून बसायचा, पडद्यावर जे अक्षर उमटेल ते उचलून त्या पेटीला द्यायचा आणि पेटी ते इंग्रजीत वाचायची. आवाज सर्दी झालेल्या इंग्रजासारखा होता, चढउतार नसलेला. म्हणून तो साहेब. काकू त्याला डबा म्हणायच्या. साहेबानं सांगितलेलं सर निमूट ऐकून घेत. त्याला काहीच वाटत नसल्यामुळे तो फक्त काय आहे तेवढंच सांगायचा.

साहेबाला आपली नावं म्हणता येत नसत. सोलापूरचं तो काहीतरी औषधाच्या नावासारखं करायचा. त्यासाठी सरांनी उच्चारांची एक यादी बनवली होती. अमुक शब्द आला की तो तमुक स्पेलिंगनं वाच, अशी. त्यात गल्लीतली, गावातली, कॉलेजातली नावं होती. काकूंचंही होतं. काकूंचं नाव लांबलचक, मधे जोडाक्षर असलेलं, अक्कलकोटकडचं. ते साहेबाच्या तोंडून नीट यावं म्हणून सरांनी कितीतरी दुपारी अक्षरं बदलून बदलून बघितली होती. जमल्यावर त्यांनी एका बटणाला ते जोडून टाकलं. चहा हवा असला की सर बटण दाबत आणि साहेब स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशी काकूंना नावानं हाक मारायचा. काकू पदराला हात पुसत यायच्या. "डबा बोलावतोय म्हणून आले," असं म्हणायच्या आणि हसायच्या.

खेळ आला तो त्याच विद्यार्थ्याकडून, पोस्टानं, फ्लॉपीच्या एका गठ्ठ्यात. कॉम्प्युटरच्या खेळात चित्रं असतात, उड्या मारणारी माणसं असतात, एवढंच मला माहीत होतं. यात चित्र एकही नव्हतं. पडद्यावर फक्त इंग्रजी वाक्यं यायची. तुम्ही एका पडक्या विहिरीच्या काठावर आहात. उत्तरेला पायऱ्या खाली गेल्या आहेत. पायरीवर एक कंदील आहे. मग आपण टाइप करायचं, कंदील घे, उत्तरेला जा, आणि तो पुढचं सांगणार. विहिरीच्या खाली भुयारं, दालनं, बंद दारं, एक भलंमोठं जग होतं. ते सगळं शब्दांत होतं.

"तुमच्या लक्षात येतंय का?" सर म्हणाले. मी त्यांना इतकं उत्सुक कधी पाहिलं नव्हतं. "हा खेळ अमेरिकेत कुणीही खेळू दे, कितीही चांगल्या डोळ्यांचा. त्यालाही काही दिसत नाही. सांगतील तेवढंच कळतं. मग डोक्यात नकाशा करायचा आणि चालायला लागायचं. मी रोज हेच करतो. तिथं मी कुणापेक्षा कमी नाही."

पण खेळ चालू होईना. चालू केला की साहेब थंडपणे सांगायचा, मेमरी अपुरी आहे.

ही भानगड आजच्या मुलांना समजावून सांगावी लागते. त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मेमरी तशी बरीच होती. पण डॉसची, म्हणजे तेव्हा कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, रीत अशी की कुठलाही प्रोग्राम चालायचा तो मेमरीच्या पहिल्या ठरावीक भागातच. सरांनी ते काकूंना समजावलं होतं. "घर मोठं आहे. पण पाहुण्यांना बसवायचं ते पुढच्याच खोलीत. त्या खोलीत आपणच ट्रंका, गाद्या, पंखा, सगळं भरून ठेवलंय. साहेब तर सोफ्यावर आडवाच आहे. आता हा पाहुणा लठ्ठ. त्याला बसायला जागा करायची तर सामान माळ्यावर टाकायचं, नाहीतर टाकून द्यायचं."

संध्याकाळी मी कारखान्यातून आले की आम्ही सामान हलवायला बसायचो. कॉम्प्युटर सुरू होताना काय काय आत घ्यायचं याच्या दोन छोट्या फाइली असतात. त्यातली एकेक ओळ आम्ही तपासली. माउसचा प्रोग्राम काढला. "मला उंदराचा काय उपयोग," सर म्हणाले. प्रिंटरचा काढला. डॉसचा स्वतःचाच मोठा भाग वरच्या मेमरीत, म्हणजे माळ्यावर, टाकला. बोलणारा प्रोग्राम माळ्यावर टाकून बघितला तर साहेब मुका झाला. त्याला पुढच्याच खोलीत बसायचं होतं. तो मुका असेपर्यंत पडद्यावर काय आहे ते मी वाचून सांगायची. सरांना ते चालायचं, कारण ती दुरुस्ती होती. "माहिती द्या," एवढंच म्हणत. सामान चढवण्याचा क्रम बदलला की थोडी जागा जास्त निघते हे सरांनीच शोधून काढलं. आधी मोठं चढवायचं, लहान त्याच्या फटीत बसतं. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा, मोकळी मेमरी मोजायची आणि खेळ चालू करून बघायचा. प्रत्येक वेळी साहेब तेच सांगायचा, पण सर आनंदात होते. सकाळी दात घासताना फाटकाशी येऊन मला एखादी नवी कल्पना सांगायचे.

शेवटी अगदी थोडक्यासाठी अडलं. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, आता एकच आहे. उच्चारांची यादी. साहेब ती बरोबर घेऊन बसतो. ती काढली तर होईल."

सर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"होईलच का?"

"बहुतेक."

"काढा."

मी ती ओळ काढली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. खेळ उघडला. साहेब घसा न खाकरता म्हणाला, तुम्ही एका पडक्या विहिरीच्या काठावर आहात. सरांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले. नंतर काकूंनी वाढलेली भाकरी थाळीत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात काकूंशी बोलत बसले होते. आतून साहेबाची हाक आली. कुठलंसं तोडकंमोडकं, पाश्चात्त्य बाईचं असावं तसं नाव. काकू भाकरी थापत राहिल्या. पुन्हा हाक आली.

"हे कुणाला बोलावायलेत?" त्यांनी मला विचारलं.

मला सांगावं लागलं. यादी काढली, त्यात तुमचं नाव होतं, खेळाला जागा लागत होती. काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"आमच्यात नवरा नावानं हाक मारत न्हाई," त्या म्हणाल्या. "ए, इल्लि बा. हिकडं ये. एवढंच. लगीन झाल्यापासून ह्या घरात माझं नाव कोण घेतलं न्हाई. सासूबाई पण न्हाई. त्या डब्यानं घेतलं." मग भाकरी काढून त्या म्हणाल्या, "व्हय की. खेळाला जागा लागती."

त्यानंतर साहेबाच्या हाकेला काकू गेल्या नाहीत. चहा ठरलेल्या वेळी टेबलावर ठेवून परत यायच्या. सरांच्या हे लक्षात आलं का, मला सांगता येणार नाही. ते विहिरीत उतरले होते. दुपारभर आतून साहेबाचा एकसुरी आवाज आणि बटणांची टकटक चालू असायची. कधी जेवताना ते मला सांगायचे, पूर्वेच्या दालनात पाणी आहे, कंदील विझतो, दुसरी वाट असली पाहिजे. काकू वाढायच्या आणि बाहेर जायच्या.

असं वर्षभर तरी चाललं असेल. मग एका दुपारी वीज गेली. आमच्या भागात ती जायचीच. पण आली ती अशी आली की दिवे पांढरेफटक झाले आणि फटकन फुटले. मी संध्याकाळी घरी आले तर खोलीत जळकट वास होता आणि सर हातात ती राखाडी पेटी घेऊन बसले होते. कॉम्प्युटर वाचला होता, पेटी जळली होती. गावातल्या दुरुस्तीवाल्यांनी उघडून बघून परत दिली. अमेरिकेला कळवलं तर विद्यार्थ्याचं उत्तर आलं की ती बनवणारेच आता ती बनवत नाहीत, तो शोधात राहील.

सरांनी मला बोलणारा प्रोग्राम काढून टाकायला सांगितलं. मी काढला.

"मोकळी किती झाली?"

"पुष्कळ, सर. खेळ चालून उरते."

"आता सगळं मावतं," ते म्हणाले.

मी पुन्हा एकदा विचारलं, मी वाचू का. ते रागावले नाहीत. "तुमचा आवाज वाचताना मऊ होतो," ते म्हणाले. "तुम्हाला कळत नाही, मला कळतं." त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ते कॉम्प्युटर सुरू करायचे, पाठ झालेल्या आज्ञा देऊन खेळ उघडायचे आणि पडद्यासमोर बसून राहायचे. पडद्यावर वाक्यं असायची. ते काही टाइप करायचे नाहीत. जेवायला बोलावलं तर येत. बोलत नसत. फिरणं बंद झालं. यंत्रमागांचं काही सांगेनासे झाले. मी काकूंना म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या का. काकू म्हणाल्या, "दाखवून काय सांगायचं त्यास्नी? डबा मेला म्हणून?"

पण त्या बघत होत्या. एका रविवारी दुपारी त्या सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन त्या खोलीत गेल्या. मी बाहेरच्या पडवीत कपडे वाळत घालत होते. दार उघडं होतं. काकू पडद्यासमोर स्टूल नव्हतं म्हणून जमिनीवरच बसल्या, मान वर केली आणि शेंगा फोडत फोडत म्हणू लागल्या.

"वाय. ओ. यू. ए. आर. ई."

काकूंची शाळा कानडी, तीही सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं तेवढी त्यांना ओळखता यायची, शब्द नाही.

"साकु," सर म्हणाले. म्हणजे, पुरे.

"ए. टी. टी. एच. ई." काकू थांबल्या नाहीत. पाढे म्हणावेत तशा म्हणत होत्या. "बी. ओ. टी. टी. ओ. एम."

मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी होते. काकूंनी ओळ संपवली. खोलीत फक्त शेंगा फुटत होत्या. मग सर म्हणाले, "शब्द कुठं संपतो ते कळत नाही."

"जागा सोडलीय मधी मधी."

"ती सांग."

"कशी सांगू? तिथं काय न्हाईच की."

सरांनी विचार केला. "तिथं शेंग फोड," ते म्हणाले.

काकूंनी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. वाय, ओ, यू, आणि शेंग. ए, आर, ई, आणि शेंग. ओळ संपल्यावर सर म्हणाले, "मुंद." म्हणजे पुढं. संध्याकाळ होईपर्यंत एक दालन झालं.

पुढं कधीतरी मी धीर करून सरांना विचारलं, माझं वाचणं चाललं नाही, मग काकूंचं कसं चाललं. ते म्हणाले, "तिला अर्थ कळत नाही. त्यामुळे तिला माझ्याबद्दल काही वाटायला सवडच नसते. ती अक्षरं शोधत असते. इतकी शुद्ध माहिती साहेबानंही दिली नाही." हे बोलताना त्यांचा चेहरा नेहमीसारखा कोरडा होता. पण काकू वाचू लागल्यापासून त्यांचं जेवण सुधारलं होतं. शेंगांच्या चटणीला तर त्या काळात आमच्याकडं तोटाच नव्हता.

अर्थ न कळणं फार दिवस टिकलं नाही. तीच तीच अक्षरं रोज येत राहिल्यावर काकू एखादा शब्द सबंध उचलायला लागल्या. लँटर्न. लॅडर. डोअर. नॉर्थ त्यांना सगळ्यात आधी आला. मग त्यांना भुयारातल्या वाटा ठाऊक झाल्या आणि त्यांची सरांशी कानडीतून भांडणं सुरू झाली. मला कानडी फारसं येत नाही, पण मधे मधे येणाऱ्या नॉर्थ आणि साउथवरून भांडण कळायचं. सरांना पाण्याच्या दालनातून जायचं असायचं, काकूंना त्या दालनाची भीती वाटायची. "मागच्या खेपेला बुडाले की वो," त्या मला मराठीतून सांगायच्या. "ऐकत न्हाईत."

मी सोलापूर सोडलं तेव्हा ते दोघं विहिरीच्या तळाशी एका लोखंडी दारापाशी अडकलेले होते. पुण्यात नोकरीला लागले, लग्न झालं, पण सांगोल्याला आई असेपर्यंत तिच्याकडं आले की वाट वाकडी करून मी सोलापूरला डोकावायची. एका फेरीत मी रस्त्यातच थबकले. सर फाटकाबाहेर आले होते. काकू चार पावलं पुढं चालत होत्या, हातात पिशवी, आणि मागं न बघता मोठ्यानं सांगत होत्या, "समोर म्हैस हाय. उजवीकडं गटार. नॉर्थला दुकान." सर हात पाठीमागं बांधून त्यांच्या आवाजामागून येत होते. गल्लीतल्या तेलुगू बायका दारात उभ्या राहून हे बघत. त्यांना ते रोजचं झालं होतं.

नेटवर त्या खेळाचं सगळं उत्तर सापडलं तेव्हा मी ते छापून सरांकडे घेऊन गेले. कुठल्या दालनात काय करायचं, लोखंडी दार कसं उघडायचं, शेवट काय. मला वाटलं, त्यांना हवंच असणार.

"तुम्ही वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुमच्यापाशीच ठेवा."

"अवघड नाहीय सर, दार एका साध्या..."

"नको," ते म्हणाले. मागून काकू म्हणाल्या, "उगडलं की संपंल गं ते. मग दुपारी काय करायचं आमी?"

शेवटी तो कॉम्प्युटरही गेला. तोवर माझ्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर असले जुने खेळ सहज चालत होते. लॅपटॉपच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा एक प्रोग्राम असतो, तो लावला की झालं. मी तो लॅपटॉप त्यांना नेऊन दिला. वाचून दाखवणारा नवा आवाजही त्यात बसवला, एका बाईचा, गोड, माणसासारखा. सरांना फोनमधल्या अशा आवाजाची सवय झाली होती. बातम्या ते त्यावर ऐकत.

"मेमरी किती मोकळी आहे?" त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

"मोजायची गरज नाही आता, सर. लागेल तेवढी."

"काहीच काढावं लागलं नाही?"

"काही नाही."

ते त्यावर विचार करत राहिले. मी खेळ उघडला. त्या बाईनं विहिरीचं वाक्य सुरेख म्हणून दाखवलं. सरांनी दोनतीन वाक्यं ऐकून घेतली. "आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "बंद करा. आता हिची वेळ झाली." काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. मी अक्षरं मोठी करून दिली, इतकी मोठी की पडद्यावर एका वेळी एखादंच वाक्य मावायचं. काकू चष्मा लावून बसल्या आणि सबंध वाक्य त्यांच्या कानडी हेलात वाचून म्हणाल्या, "आता बोला."

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी काकूंना भेटायला गेले. त्या फरशीला बोल्ट मारलेल्या खुर्चीत बसल्या होत्या. रडून झालं होतं त्यांचं. पुष्कळ वेळ आम्ही माझ्या मुलाबद्दल, पाण्याबद्दल, शेजाऱ्यांबद्दल बोललो. मग त्या आपण होऊन दवाखान्याचं सांगू लागल्या.

"बोलता येत हुतं शेवटपर्यंत. धाप लागायची, पण इचारायचे. समोर काय हाय. मी सांगायची. भिंत हाय, बाटली लावलीय, नर्स आलीय निळ्या साडीतली. खिडकीबाहेर काय हाय म्हणाले. आता खिडकीबाहेर काय असणार? शेजारच्या बिल्डिंगची भिंत, आणि खाली ते जनरेटर. दिवसभर गुरगुर करायचं. खिडकी उगडली की धूर यायचा. मी तसं सांगितलं न्हाई. मी म्हटलं, तळं हाय. देवळाचं. हितनं दिसतंय."

काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ह्यांना गल्लीतला माग बंद पडल्याला कळायचा. जनरेटर कळत न्हाई व्हय? मला वाटलं आता ओरडतील. खरं सांग म्हणतील. गप पडून राहिले. ते गुरगुर चालूच हुतं खाली. मग म्हणाले, पाणी किती हाय?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काठोकाठ हाय म्हटलं," काकू म्हणाल्या. "मे महिना हुता. तळ्यात काय असतंय मे महिन्यात. पण मी म्हटलं, काठोकाठ हाय, पोरं पवायलेत, पायऱ्यांवर बाया धुणं धुवायलेत. मला आणखी काय सुचंना. तर म्हणाले, मुंद. मग मी सांगत बसले."